झाड यंदा फुलले नाही. आता देव कुठे पाहू?

पत्र : गेल्या वर्षी वसंताच्या तोंडावर माझी आई गेली. तिच्या दीर्घ आजारात तिची शुश्रूषा मीच केली. ती गेल्यानंतर थोड्याच दिवसांत घरासमोरचे झाड असे काही बहरले, की तसे ते पूर्वी कधी बहरल्याचे मला आठवत नाही. मला ती देवाने दिलेली खूण वाटली. तेव्हापासून घरातल्या रोजच्या प्रार्थनेत माझे मन लागत नाही; पहाटे त्या झाडाखाली जाऊन बसले, की मात्र कोणीतरी अगदी जवळ आहे असे वाटते. यंदा ते झाड फुललेच नाही. चार फुले आली आणि गळून गेली. पती म्हणतात, ‘देवाला सोडून झाडापाशी बसलीस, त्याचे हे फळ.’ मुलगा विज्ञान शिकतो. त्याचे म्हणणे असे, की ऋतू पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे होतात, त्यात कोणी कोणाशी बोलत नसते. मध्यंतरी मोठे वादळ झाले, कितीतरी झाडे पडली, पाखरे मेली. तोही देवच म्हणायचा का? वडील आता एकटेच असतात, त्यांच्याकडे अजून जाणे झालेले नाही. मला झाले ते दर्शन होते, की भ्रम?

उत्तर : सप्रेम नमस्कार. ‘दर्शन’ आणि ‘भ्रम’ यांपैकी एक शब्द निवडून मी तुम्हाला द्यावा, अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती मला पूर्ण करता येणार नाही, कारण दुसऱ्याच्या अंतःकरणात काय घडले याचा दाखला बाहेरून कोणी देऊ शकत नाही. पण तुमचे पत्र पुन्हा वाचताना असे लक्षात आले, की तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. झाडाखाली बसल्यावर कोणाचे तरी सान्निध्य जाणवले, हा तुमचा अनुभव आहे. झाड फुलले ते मला काही कळवण्यासाठी फुलले, हे त्या अनुभवावरून तुम्ही काढलेले अनुमान आहे. यंदा मोडले आहे ते अनुमान, आणि ते मोडताना अनुभवही खोटा ठरला, असे तुम्ही धरून चालला आहात.

झाडाचे नाव तुम्ही लिहिलेले नाही, त्यामुळे त्याच्याविषयी नेमके सांगता येत नाही. मात्र वसंतात फुलणाऱ्या अनेक झाडांच्या बाबतीत फुलकळीची जडणघडण आदल्या उन्हाळ्यातच सुरू होते. मग ती कळी खवल्यांच्या आड महिनोन्‌महिने मिटून राहते आणि ऊब वाढली की उमलते. तुमचे झाड या जातकुळीतले असेल, तर ज्या बहराला तुम्ही आईच्या मृत्यूनंतर आलेली खूण समजलात, त्याच्या कळ्या आई हयात असतानाच धरलेल्या होत्या. तुम्ही औषधांच्या वेळा सांभाळत होता, रात्री जागत होता, खिडकीबाहेर पाहायला तुम्हाला सवड नव्हती, त्या दिवसांत त्या फांदीवर होत्या. यंदाच्या ओक्या फांद्यांचेही कारण बहुधा गेल्या वर्षीच्या बहरातच आहे. भरभरून फुलण्या-फळण्यात झाडाचा साठवलेला अन्नांश खर्च होतो, शिवाय वाढणाऱ्या फळांतल्या बियांकडून निघणारी संप्रेरके पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या धरू देत नाहीत. म्हणून कित्येक झाडे एक वर्ष ओसंडून फुलतात आणि दुसऱ्या वर्षी जवळजवळ गप्प राहतात. त्यांत तुमच्या प्रार्थनेत न बसण्याचा काही संबंध नाही. तुमच्या पतींना हे पटेल की नाही मला माहीत नाही, पण झाडाच्या फुलण्यात तुम्ही आशीर्वाद वाचलात आणि न फुलण्यात त्यांनी शिक्षा वाचली, या दोन्ही वाचनांत मला फारसा फरक दिसत नाही. दोघांनीही झाडाकडे स्वतःच्या नावाने आलेल्या निरोपासारखे पाहिले.

एवढ्यावरून देव निसर्गातून उठून गेला, असे मी म्हणत नाही. तुमचा प्रश्न फार जुना आहे. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात अर्जुन तोच विचारतो : कोणकोणत्या रूपांत मी तुझे चिंतन करावे? उत्तरादाखल श्रीकृष्ण जी यादी देतात, तिच्यात हिमालय आहे, पिंपळ आहे, वाहणारा वारा आहे, आणि ‘ऋतूंमध्ये मी वसंत’ हे सर्वांच्या तोंडी असलेले वचनही आहे. ते वचन पस्तिसाव्या श्लोकात येते. त्याच्या लगेच आधीचा श्लोक मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्यात ‘सर्व हरण करणारा मृत्यू मी, आणि पुढे होणाऱ्यांचा उद्भवही मी’ असे म्हटले आहे. वसंताचे नाव घेण्याआधी मृत्यूचे नाव घेतले आहे, आणि ज्याला फुलांत देव पाहायचा आहे, त्याला हा शेजार टाळता येत नाही. तुमच्या बाबतीत तर हे दोन श्लोक एकाच महिन्यात घडले. पण तुम्ही त्यांतला दुसरा जवळ केला आणि पहिल्यापासून स्वतःला वाचवण्यासाठी त्याचा उपयोग केला, अशी मला शंका आहे. शोकाच्या पहिल्या दिवसांत माणूस हे करतोच, त्यात दोष नाही. वर्षभराने मात्र त्याची किंमत द्यावी लागते.

त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात एक सावधगिरीही आहे : सर्व भूते माझ्या ठायी आहेत, पण मी त्यांच्यात सामावलेला नाही. एका झाडात, एका ऋतूत, एका बहरात देव पूर्णपणे मावलेला आहे, असे धरले की झाड सुकले तर देवही सुकणार. तुमचे या वर्षी नेमके हेच झाले आहे. कुराणातही रात्र आणि दिवस यांच्या एकामागून एक येण्यात विचार करणाऱ्यांसाठी खुणा आहेत, असे सांगितले आहे. तिथे खूण म्हटली आहे ती रोज, सर्वांसाठी, न चुकता घडणाऱ्या गोष्टीला. कोणा एकासाठी एकदाच घडणारी नवलाई तिथे अभिप्रेत नाही, आणि हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

आता मुलाविषयी. तो सांगतो ते खरे आहे, आणि तुम्ही त्याला घाबरू नका. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून वर्षभरात कधी उत्तर गोलार्ध सूर्याकडे अधिक झुकलेला असतो, कधी दक्षिण. सूर्यापासूनच्या अंतरामुळे ऋतू होत नाहीत. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, जानेवारीच्या आरंभी असते, आणि तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. मी तर म्हणेन, की हे सगळे त्याच्याकडून नीट समजून घ्या, कारण यातून भक्ताच्याही उपयोगाचे काही निघते. तुमच्याकडे वसंत असतो, त्याच दिवशी दक्षिण गोलार्धात पानगळ चाललेली असते. वसंत म्हणजे देव जवळ आणि पानगळ म्हणजे देव दूर, असा हिशेब कोणी मांडला, तर देवाला एकाच दिवशी अर्ध्या पृथ्वीवर यावे लागेल आणि अर्ध्या पृथ्वीवरून जावे लागेल. मुलाने तुमचा आधार काढून घेतला, असे समजू नका. त्याने तो आधार किती अरुंद होता हे दाखवले. तो पहाटे उठणारा असेल, तर त्याला कधीतरी झाडाखाली बोलवा आणि पाने का गळतात हे विचारा. पान झडते ते केवळ वाऱ्याने नाही. झाड आधी पानातले नत्र आणि स्फुरद पुष्कळसे परत ओढून घेते, देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार करते आणि मगच पान सुटते, हे त्याच्या तोंडून ऐकताना तुमचे सान्निध्य कमी होईल, असे मला वाटत नाही.

वादळाचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्याचे गुळगुळीत उत्तर देणाऱ्यांपासून तुम्ही दूर राहावे. ‘जे होते ते भल्यासाठीच’ असे सांगणारे लोक पडलेल्या घरट्याकडे पाहत नसतात. चार्ल्स डार्विनने १८६० साली आसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात नेमके हेच दुखणे मांडले होते : काही गांधीलमाश्यांची पिल्ले जिवंत अळीला आतून खात वाढतात, आणि दयाळू व सर्वशक्तिमान ईश्वराने हे हेतुपुरस्सर निर्माण केले असेल, हे माझ्या मनाला पटत नाही. ग्रे स्वतः श्रद्धावान होता, आणि तरीही दोघांची मैत्री टिकली, हे जाता जाता तुमच्या घरासाठी नोंदवून ठेवते. बायबलमध्ये होरेब पर्वतावर उभ्या असलेल्या एलीया या संदेष्ट्याची कथा आहे. खडक फोडणारा वारा आला, त्यात परमेश्वर नव्हता. भूकंप झाला, त्यात नव्हता. अग्नी आला, त्यातही नव्हता. त्यानंतर एक अगदी मंद वाणी ऐकू आली. गीता वाऱ्यालाही विभूती म्हणते आणि ही कथा वादळाला नाकारते. दोन थोर परंपरा इथे एकमेकींशी जुळत नाहीत, आणि मी त्या ओढून जुळवणार नाही.

माझे स्वतःचे मत तुमच्याच पत्रातून घेते. आईच्या आजारात तुम्ही रात्रंदिवस तिच्या उशाशी होता. म्हणून तो आजार तुमच्या इच्छेने आला, असे कोणी म्हणणार नाही. आणि तुम्ही आजार थांबवू शकला नाहीत, म्हणून तुमचे तिथे असणे खोटे होते, असेही कोणी म्हणणार नाही. जवळ असणे आणि घडवून आणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवाच्या सान्निध्याचा विचार मी याच वाटेने करते : वादळात तो होता का, या प्रश्नाला ‘असेल’ म्हणण्याचे धैर्य मला कधीकधी होते, वादळ त्याने पाठवले का, याला ‘हो’ म्हणण्याचे होत नाही. यावर तुमचा मुलगा म्हणेल, की तुम्ही थांबवू शकत नव्हता, पण सर्वशक्तिमान देव थांबवू शकला असता. त्याचा आक्षेप बिनतोड आहे. ती गाठ माझ्याने सुटलेली नाही, आणि न सुटलेली गाठ घेऊनही माणसे प्रार्थना करीत आली आहेत.

झाडाखाली बसणे सोडू नका, पण बसण्याची रीत बदला. तिथे उत्तर मागू नका. काय घडते आहे ते पाहा आणि लिहून ठेवा : पहिले पान कधी फुटले, कोणता पक्षी कधी परतला, मुंग्या कधी दिसेनाशा झाल्या. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ साली वसंताच्या आगमनाच्या अशा नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि त्याच्या वंशजांनी त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. जपानमधील क्योतो शहरातल्या चेरीच्या बहराच्या तारखा तर जुन्या रोजनिश्यांमधून इ. स. ८१२ पर्यंत मागे जाऊन लावता येतात. त्या सगळ्या नोंदींत २०२१ सालचा, २६ मार्चचा बहर सर्वांत लवकरच्या बहरांत गणला जातो, आणि त्यामागे माणसाने वाढवलेले तापमान आहे. ऋतूंत देव पाहणाऱ्याला ही गोष्ट टोचली पाहिजे. अशी वही तुम्ही काही वर्षे चालवलीत, तर एखादे वर्ष बिनफुलांचे गेले म्हणून तुमचा धीर खचणार नाही, कारण ती चार फुलेसुद्धा तुम्ही तारखेनिशी पाहिलेली असतील.

पतींचे वाक्य कठोर होते आणि ते लागले, हे त्यांना सरळ सांगा. त्यावर धर्मचर्चा मात्र करू नका. वर्षभर ते प्रार्थनेला एकटे बसत आहेत, आणि त्यांच्या रागात या एकटेपणाचा वाटा मोठा असावा, असा माझा अंदाज आहे. मन लागत नसले तरी अधूनमधून त्यांच्या शेजारी बसा. मन लागणे ही शेजारी बसण्याची अट नाही.

रात्री झोप येत नसेल, कामात लक्ष लागत नसेल, माणसे नकोशी वाटत असतील, आणि वर्ष उलटूनही ते कमी होत नसेल, तर समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा. त्यात श्रद्धेचा उणेपणा नाही.

राहिले वडील. त्यांच्याविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण माझ्या मते तुमच्या पत्रातले सर्वांत जड वाक्य तेच आहे. झाडाखाली आई आहे असे वाटून घेता येते. वडिलांच्या घरी ती नाही हे दारातच कळणार, म्हणून तुमचे पाऊल उचलत नसावे. ज्या सान्निध्यामुळे तुम्ही एका जिवंत, शोकाकुल माणसापासून दूर राहिलात, त्याच्याकडे मी थोडे संशयाने पाहीन, तुम्हीही पाहावे. त्यांनी पत्नीस गमावले आहे आणि गेले वर्षभर मुलीचीही वाट पाहिली आहे. मुलाला सोबत घेऊन जा, म्हणजे पहिल्या तासाची शांतता तुमच्या एकटीवर पडणार नाही. जाण्याची तारीख आजच ठरवा आणि वडिलांना फोन करून ती सांगून टाका, म्हणजे पुढे ढकलणे तुम्हाला अवघड जाईल.