अमेरिकेतली टाउनशिप म्हणजे गाव का?

प्रश्न : अमेरिकेतल्या छोट्या टाउनशिपची माहिती वाचली, एरिया ३६ चौरस मैलांच्या आसपास आणि लोकं जेमतेम काहीशे. एवढ्या जागेत एवढीच माणसं कशी काय?

उत्तर : आपल्याकडे टाउनशिप म्हटलं की बिल्डरची कॉलनी डोळ्यासमोर येते, तिथं तसं नाहीये, तिथं टाउनशिप म्हणजे शेतं-घरं सगळं धरून आखलेला स्थानिक कारभाराचा एक भाग. १७८५ च्या जमीन कायद्यानं सरकारी जमिनीचे ६ मैल बाय ६ मैलांचे चौकोन आखले, म्हणजे ३६ चौरस मैल, साधारण ९३ चौरस किलोमीटर, आणि प्रत्येक चौकोनाचे ६४० एकरांचे ३६ तुकडे केले. त्यातला १६ नंबरचा तुकडा शाळेसाठी राखून ठेवलेला, मला तर हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, माणसं यायच्या आधीच शाळेची सोय! ओहायो, मिशिगनकडं पुढं बऱ्याच टाउनशिप याच चौकोनांवर बसल्या, म्हणून एरिया सारखा दिसतो. ग्रामीण भागात घरं आपापल्या शेतात लांब लांब असतात, त्यामुळं ३६ चौरस मैलांत समजा ७२० माणसं असली तर चौरस मैलामागं २०च पडतात. आणि हो, तिथली जनगणना दर १० वर्षांनी होते, त्यात जमीन आणि पाणी वेगवेगळं मोजतात, घनता फक्त जमिनीवरच काढतात, तेव्हा तळी जास्त असतील तर एकूण एरियानं भागू नका, आकडा चुकेल.