फळपिकांतील रासायनिक उत्परिवर्तन : मुलीने हे क्षेत्र निवडावे का?

आपले पत्र वाचले. आपली मुलगी उद्यानविद्येच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात असून, पुढे वनस्पती पैदास हा विषय घेऊन रसायनांच्या साहाय्याने फळपिकांत उत्परिवर्तन, म्हणजे आनुवंशिक गुणांत बदल, घडवण्यावर तिला संशोधन करायचे आहे. जनुकसंपादनाच्या, म्हणजे ठरावीक जनुकच नेमके बदलण्याच्या तंत्राच्या, काळात हे तंत्र मागे पडेल, फळझाडांच्या कामात ऐन उमेदीची वर्षे निघून जातील, आणि ही रसायने शरीराला घातक आहेत, अशी आपली काळजी आहे. तिची निवड मला चांगली वाटते. फक्त वर्षांचा प्रश्न तिने आजच गांभीर्याने घ्यावा.

फळझाडांत उत्परिवर्तनाचे महत्त्व इतर पिकांपेक्षा अधिक का, हे आधी सांगतो. बहुतेक फळझाडे बीपासून वाढवली तर मूळ वाणासारखी येत नाहीत, म्हणून ती कलमाने वाढवतात. आणि संकर केला की लोकांच्या पसंतीला उतरलेला वाणच विस्कटतो. उत्परिवर्तनाने मात्र वाणाचे बाकीचे गुण जवळजवळ जसेच्या तसे ठेवून एखादाच गुण बदलण्याची शक्यता असते. जपानमधील निजिस्सेइकी या नासपतीच्या लोकप्रिय वाणाला काळ्या ठिपक्यांचा रोग फार लवकर लागत असे. १९६२ मध्ये त्याची झाडे गॅमा किरणांच्या क्षेत्रात लावण्यात आली, आणि १९८१ मध्ये एका झाडाची एकच फांदी जवळपास निरोगी आढळली. त्या फांदीपासून पुढे रोगाला तोंड देणारा नवा वाण तयार झाला. मध्ये १९ वर्षे गेली, ही गोष्ट आपल्या मुलीने लक्षात ठेवावी.

हे उदाहरण किरणांचे आहे, आणि फळझाडांतील बहुतेक नावाजलेले उत्परिवर्तित वाण किरणांनीच मिळालेले आहेत. किरण फांदीच्या आरपार जातात, रसायनाला मात्र डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर नवी फूट जिथून येते त्या कळीच्या, आत मुरावे लागते, आणि ते सगळीकडे सारखे मुरत नाही. इथाइल मिथेनसल्फोनेट, म्हणजे ईएमएस, हे या कामातील नेहमीचे रसायन. त्याच्या द्रावणात डोळकाड्या, म्हणजे डोळे असलेल्या काड्या, काही तास ठेवायच्या, वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवायच्या आणि मग खुंटावर, म्हणजे मुळे असलेल्या दुसऱ्या रोपावर, डोळे भरायचे, म्हणजे बसवायचे. मात्रा जास्त झाली तर डोळे मरतात, कमी झाली तर काहीच बदलत नाही. म्हणून सुमारे निम्मे डोळे जगतील अशी मात्रा आधी चाचण्या घेऊन ठरवावी लागते. एवढे करूनही फुटलेल्या फांदीत बदललेल्या आणि न बदललेल्या पेशी शेजारी शेजारी असतात, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा छाटून, नव्या फुटीवरचे डोळे पुन्हा भरून एकजिनसी फांदी मिळवावी लागते. ऊतीसंवर्धनात, म्हणजे प्रयोगशाळेत वनस्पतीचे बारीक तुकडे किंवा पेशी वाढवताना, एकेका पेशीपासून रोप तयार करता आले, तर ही अडचण बरीच कमी होते. म्हणूनच रासायनिक उत्परिवर्तनाला फळपिकांत पुढे खरा वाव ऊतीसंवर्धनाच्या जोडीनेच आहे, आणि ते कौशल्य तिने उत्तम आत्मसात करावे.

जनुकसंपादनामुळे हे क्षेत्र बंद पडेल असे मला वाटत नाही. संपादनासाठी कोणते जनुक बदलायचे हे आधी माहीत असावे लागते. फळझाडांच्या पुष्कळ गुणांबाबत ते अजून माहीत नाही, आणि अनेक झाडांत संपादित पेशीपासून पूर्ण रोप उभे करणेही अवघड जाते. डीएनएची माहिती ए, टी, जी, सी या चार घटकांच्या, जणू अक्षरांच्या, जोड्यांत असते. ईएमएस त्यात जागोजागी एकेक अक्षर बदलते, बहुधा जी-सी जोडीच्या जागी ए-टी जोडी येते. अशा बदललेल्या झाडांचा मोठा संग्रह तपासला, तर कोणते जनुक काय करते याचाच शोध लागू शकतो. तिने दोन्ही तंत्रे शिकावीत, सोबत संख्याशास्त्र आणि जनुकीय माहितीचे विश्लेषणही शिकावे. असे पैदासकार संशोधन संस्थांना, मोठ्या रोपवाटिकांना, ऊतीसंवर्धन प्रयोगशाळांना आणि बियाणे कंपन्यांनाही लागतात.

रसायनांची आपली भीती रास्त आहे. रसायनाने उत्परिवर्तन घडते हे शार्लोट आउअरबाख आणि जे. एम. रॉबसन यांनी एडिनबरोमध्ये दाखवले, तेच मुळी मस्टर्ड गॅस या युद्धातील विषारी पदार्थावर काम करताना. युद्धामुळे तो निष्कर्ष उशिरा, १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. ईएमएस कर्करोगकारक ठरू शकते, म्हणून ते वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटातच, योग्य हातमोजे घालून हाताळावे लागते, आणि उरलेले द्रावण सोडियम थायोसल्फेटने निष्प्रभ करावे लागते. ज्या प्रयोगशाळेत ही शिस्त दिसणार नाही तिथे तिने प्रवेश घेऊ नये, मार्गदर्शक कितीही नामवंत असला तरी. कलमांच्या पिढ्या ओलांडून मिळालेल्या वाणाच्या फळात मात्र ते रसायन उरलेले नसते, याविषयी निश्चिंत राहावे.

आता वर्षांचा प्रश्न. पदव्युत्तर प्रबंधासाठी तिने सफरचंद किंवा संत्र्यासारखे पीक स्वतः शून्यापासून सुरू करू नये. दोन वर्षांत फळ दिसणार नाही आणि प्रबंध केवळ रोपांच्या उंचीवर संपेल. स्ट्रॉबेरी, पपई यांसारखे लवकर फळणारे पीक घ्यावे, किंवा आधीच्या विद्यार्थ्यांनी प्रक्रिया केलेली झाडे ज्या विभागाच्या बागेत आज फळांवर आली आहेत, तो विभाग निवडावा. प्रवेशाआधी तिने एखाद्या पैदासकाराबरोबर फळांचा एक हंगाम बागेत काढावा, आणि हजार सारख्या झाडांत एक वेगळी फांदी शोधत दिवसभर हिंडणे तिला मनापासून आवडते का, ते पाहावे. आवडले, तर तिला अडवू नये.