वनशास्त्र महाविद्यालयाच्या चाळिसाव्या वर्धापनदिनाला माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढावी की वृक्षारोपण ठेवावं?

स्मरणिका जरूर काढा. वृक्षारोपण मात्र कार्यक्रम पावसाळ्यात असेल तरच, नाहीतर अजिबात नको.

आमच्या कॉलेजच्या (नाव लिहीत नाही) रौप्यमहोत्सवाला जानेवारीत झाडं लावली. कोकणात, जांभ्याच्या कातळावर, आणि तीही वनशास्त्र शिकवणाऱ्या संस्थेने! पहारीने खड्डे फोडले, पाहुण्यांच्या हस्ते रोपं लागली, प्रत्येकापुढे नावाची पाटी, फोटो. टँकर थोडे दिवस आला नि बंद झाला. शिमग्याला गावी गेलो तेव्हा वाट वाकडी करून बघून आलो. एकही रोप जगलेलं नव्हतं.

त्याहून जास्त लागलं ते तात्यांचं. तात्या नर्सरीत रोजंदारीवर होते. सागाचं बी रात्री भिजवायचं, दिवसा उन्हात वाळवायचं, असं काही दिवस केलं की ते नीट उगवतं, हे आम्हाला वर्गात कळलं होतं. पण स्टंप, म्हणजे लावण्यासाठी छाटलेलं मूळ-खोड, करायला शिकवलं तात्यांनी. उपटलेल्या रोपांतलं अंगठ्याएवढं जाड निवडायचं, वर दोन बोटं खोड, खाली वीतभर सोटमूळ ठेवायचं, बाजूची मुळं तासायची, आणि काप एकाच घावात. साल फाटली की तात्या तो स्टंप उचलून बाजूला टाकायचे, बोलायचे काही नाहीत. पुन्हा करा. समारंभाच्या दिवशी हा माणूस मंडपामागे पाण्याच्या पिंपांवर उभा होता. मी संयोजकांना म्हटलं, यांना वर बोलवा, निदान शाल-नारळ द्या. ‘यादी छापून झालीय’ एवढंच उत्तर मिळालं.

यावरून माझं आणि एका बॅचमेटचं आजही वाजतं. तो बँकेत आहे. आमच्यातले बरेच जण बँकेत नाहीतर महसुलात गेले. त्याचं म्हणणं, आपल्या पदवीला बाहेर किंमत नाही, वनसेवेच्या परीक्षेला इंजिनिअरसुद्धा बसतात, तेव्हा समारंभ दणक्यात करायचा आणि मंत्र्यांपुढे वनसेवेत आपल्याला प्राधान्य देण्याची मागणी रेटायची. मागणी रास्त आहे, मार्ग मला पटत नाही. देहरादूनला १८७८ पासून वनशिक्षण होतं, पण ते मुख्यतः खात्याच्या माणसांसाठी. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाचा अहवाल आला, त्याच्या शिफारशीनुसार १९८५ च्या सुमारास कृषी विद्यापीठांत पदवी सुरू झाली, आपल्याकडे दापोली आणि अकोल्याला. ती कृषी विद्यापीठात का आली, याचा विचार करा. शेतकऱ्याच्या बांधावरचा साग, वरकस, हलक्या जमिनीतला खैर, परसातला माणगा बांबू हे आपलं काम. ते किती केलं हे आधी दाखवा, मग मागणीला वजन येईल. वीस मिनिटांच्या भाषणाने ते येत नाही.

म्हणून पहिल्या तुकड्यांनी लावलेले प्लॉट शोधून काढा. जुनी आणि आत्ताची पोरं जोडीने पाठवा, टेप घेऊन १.३७ मीटर उंचीवर घेर मोजा. किती जगली, किती मेली, कोणती जात फसली, सगळं स्मरणिकेत छापा. शेतकरी नेहमी हेच विचारतो की माझ्या मातीत हे झाड केवढं होईल, आणि चाळीस वर्षांची उभी झाडं आवारात असताना आपण त्याला दुसरीकडच्या तक्त्यातून उत्तर देतो. प्लॉट तोडून तिथे इमारत झाली असेल तर तेही छापा.

मंत्री बोलवूच नका असं माझं म्हणणं नाही. वसतिगृहाच्या दुरुस्तीला पैसे लागतात, ते सरकारकडूनच यायचे. फक्त नर्सरीतली जुनी माणसं नुसत्या पत्रिकेवर येणार नाहीत. त्यांच्या घरी जा, गाडी पाठवा, पहिल्या रांगेत बसवा. आणि व्यासपीठावरच्या नावांची यादी छापायला टाकण्याआधी हे करा, कारण एकदा छापली की ती कोणी बदलत नाही.