कोलंबस, ओहायो: घर ठरवण्याआधी शाळेची हद्द बघा

मृणाल, तुमचा प्रश्न नीट वाचला. मिस्टरांची कंपनीतर्फे पुण्याहून कोलंबसला बदली होतेय, मुलगी चौथीत आहे, धाकटा तीन वर्षांचा, आणि सासूबाई अधूनमधून येऊन सहा-सहा महिने राहतील, त्यांना मधुमेह आहे. तुम्ही लिहिलंय, 'शहराचा इतिहास दोन ओळीत सांगितला तरी चालेल, शाळा आणि दवाखान्यांबद्दल मात्र सविस्तर लिहा.' इतिहास दोन ओळीत बसणार नाही. इथली शाळेची भानगड इतिहास कळल्याशिवाय कळत नाही, आणि घर तर शाळा बघूनच घ्यायचंय.

ओहायो म्हटलं की क्लीव्हलंड नाहीतर सिनसिनाटीचं नाव ऐकलेलं असतं. पण राज्यातलं सगळ्यात मोठं शहर कोलंबस आहे. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ९,०५,७४८ होती. हे शहर मुद्दाम राजधानीसाठी वसवलं. १८०३ मध्ये ओहायो राज्य झालं तेव्हा राजधानी चिलिकोथीला होती, मग झेन्सव्हिलला गेली, परत चिलिकोथीला आली. शेवटी १८१२ मध्ये विधिमंडळाने सायोटो नदीच्या पूर्वेकडचा उंच काठ निवडला. पलीकडच्या काठावर लुकस सुलिव्हंट नावाच्या भूमापकाने १७९७ मध्येच फ्रँकलिंटन वसवलेलं होतं. अलीकडे होतं जंगल. १८१६ पासून कारभार इथून सुरू झाला.

अर्थात त्याआधी इथे कुणी नव्हतं असं अजिबात नाही. डाउनटाउनमध्ये माउंड स्ट्रीट आहे. तिथे मूळ रहिवाशांनी हजारो वर्षांपूर्वी रचलेला मातीचा प्रचंड उंचवटा होता. नव्या वसाहतीने तो खणून सपाट केला आणि त्याच मातीच्या विटा पहिल्या विधानभवनाला वापरल्या. मला हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. तशीच मातीची बांधकामं नूअर्क आणि चिलिकोथीला अजून उभी आहेत, २०२३ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. मुलांना घेऊन जरूर जा, गाडीने तासाभराच्या अंतरावर आहेत. आत्ताचं विधानभवन १८३९ ते १८६१ या काळात बांधलं, चुनखडीचा दगड जवळच्याच खाणीतला आणि मजूर म्हणून राज्याच्या तुरुंगातले कैदी. १९१३ च्या पुरात सखल फ्रँकलिंटन बुडालं, नव्वदच्या वर माणसं गेली. तिथली पूरभिंत पूर्ण व्हायला २००४ उजाडलं.

आता तुमच्या कामाचा भाग. दुसऱ्या महायुद्धानंतर आजूबाजूला वस्ती वाढत होती, आणि पाणी व सांडपाण्याची यंत्रणा होती कोलंबसकडे. १९५४ मध्ये महापौर झालेल्या मेनार्ड सेन्सेनब्रेनर यांनी धोरण धरलं की पाणी हवं असेल तर जमीन शहराच्या हद्दीत आणा. त्यामुळे शहर चहूकडे पसरत गेलं. पण शहराची हद्द सरकली तशी शाळेची हद्द सरकली नाही. इथे शाळा महापालिका चालवत नाही. शाळांचं 'स्कूल डिस्ट्रिक्ट' हे वेगळंच मंडळ असतं, त्याची हद्द वेगळी, निवडणूक वेगळी, कर वेगळा.

त्यातच १९७७ मध्ये फेडरल न्यायाधीश रॉबर्ट डंकन यांनी निकाल दिला की कोलंबसच्या शाळा मंडळाने कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांना हेतुपुरस्सर वेगवेगळ्या शाळांत ठेवलं. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि मुलांना बसने शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाच्या शाळेत पाठवायला सुरुवात झाली. ज्यांना शक्य होतं अशी बरीच कुटुंबं उपनगरांच्या हद्दीत गेली. मग शहरात नव्याने आलेल्या जमिनीवरची मुलं कुणाच्या शाळेत जाणार, यावरून भांडणं लागली. १९८६ मध्ये त्यावर समझोता झाला, त्याला 'विन-विन' करार म्हणतात. आधीपासून उपनगरी डिस्ट्रिक्टमध्ये असलेला भाग तिथेच राहिला, बदल्यात कोलंबसच्या शाळांना पैसे मिळायचे ठरलं.

याचा परिणाम आज असा आहे की वायव्य भागात एखाद्या अपार्टमेंटचा पत्ता 'कोलंबस' असतो, आयकर तुम्ही कोलंबस शहराला अडीच टक्के भरता, आणि मूल जातं डब्लिन या उपनगराच्या शाळेत. रस्ता ओलांडला की तोच पिनकोड, तसंच घर, पण शाळा कोलंबसची. घर दाखवणारा माणूस किंवा जाहिरात काय सांगते त्यावर विसंबू नका. फ्रँकलिन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) ऑडिटरच्या, म्हणजे मालमत्तांची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, संकेतस्थळावर पत्ता टाकला की त्या मालमत्तेचं स्कूल डिस्ट्रिक्ट स्पष्ट दिसतं. पॉवेल किंवा लुइस सेंटरकडे बघत असाल तर ती डेलावेअर काउंटी, तिथला ऑडिटर वेगळा. मग डिस्ट्रिक्टला फोन करून त्या पत्त्याला नेमकी कुठली इमारत येते तेही विचारा, कारण डब्लिनमध्येसुद्धा गल्लीगणिक प्राथमिक शाळा बदलते.

आपली मंडळी बहुतेक डब्लिन, ओलेन्टॅन्जी, हिलियर्ड, न्यू अल्बनी इकडे एकवटलेली आहेत. शाळा चांगल्या आहेत, भाडी त्या मानाने चढी. पण संकेतस्थळांवर शाळेला दहापैकी किती गुण दिलेत एवढंच बघून कोलंबस सिटी स्कूल्सवर काट मारू नका असं मी आवर्जून सांगेन. ते आकडे बऱ्याच अंशी पालकांची मिळकत दाखवतात, शिक्षकांचं शिकवणं नव्हे. कोलंबसच्या डिस्ट्रिक्टमध्ये स्पॅनिश आणि फ्रेंच माध्यमाच्या प्राथमिक शाळा आहेत, फोर्ट हेज या शाळेत कलाशिक्षण आहे. त्यासाठी सोडत निघते, आणि अर्जाची मुदत शाळा सुरू होण्याच्या खूप आधी संपते.

शाळांचा पैसा मोठ्या प्रमाणात घरपट्टीतून येतो. १९९७ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, तरी घरपट्टीवरचा भर गेलेला नाही. म्हणून दर काही वर्षांनी 'लेव्ही', म्हणजे शाळांसाठी घरपट्टी लावायचा प्रस्ताव, मतदानाला येते. ती मतदारांनी नाकारली की स्कूलबस, खेळ, संगीत यांना कात्री लागते. घर भाड्याने घेताना त्या डिस्ट्रिक्टची मागची लेव्ही पास झाली का, एवढं विचारायला हरकत नाही.

मुलीच्या प्रवेशाचं सांगते. सरकारी शाळेत फी नाही आणि व्हिसा कुठला हे विचारून प्रवेश अडवता येत नाही. लागतं ते म्हणजे जन्मदाखला, पासपोर्ट, भाडेकरार, लसीकरणाची नोंद आणि जुन्या शाळेचे निकाल. शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होते, मे अखेरीस संपते. तुमची परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये होईल, तेव्हा जुलैपर्यंत इथे पोचणं उत्तम. इयत्ता वयावर ठरते. प्रवेशाच्या अर्जात घरी कुठली भाषा बोलता असा प्रश्न असतो. काही पालक घाबरून 'इंग्रजी' लिहितात. तुम्ही बिनधास्त 'मराठी' लिहा. त्यामुळे मुलीची इंग्रजीची एक छोटी चाचणी होईल. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलं बहुधा सहज पार पडतात, आणि नाही पडली तर जादा शिक्षक फुकट मिळतो.

लसीकरणाचं पिवळं पुस्तक पुण्याच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत, तारखांसकट, सही-शिक्क्याने लिहून आणा. इथे गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या दोन्हींचे दोन-दोन डोस लागतात, आणि कांजिण्यांचा दुसरा आपल्याकडे बरेचदा राहून गेलेला असतो. आणखी एक गोष्ट. आपल्या मुलांना बीसीजी टोचलेलं असतं, त्यामुळे क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. तशी वेळ आली तर बीसीजी झाल्याचं सांगून रक्ताची चाचणी मागा. नाहीतर छातीचा एक्स-रे आणि औषधांची चर्चा विनाकारण मागे लागते.

धाकट्यासाठी मात्र खिशाला चाट आहे. किंडरगार्टन पाचव्या वर्षी. तोवरचं प्रीस्कूल किंवा डेकेअर खासगी, महाग, आणि प्रतीक्षायादी असलेलं. यायच्या आधीच नावं घालून ठेवा. कोलंबस मेट्रोपॉलिटन लायब्ररी मात्र अगदी मनापासून वापरा: लहानांसाठी गोष्टींचे तास, मोठ्यांना शाळेनंतर गृहपाठाला मदत, सगळं मोफत. उशिराचा दंडही २०१७ पासून बंद आहे.

मुलगी मोठी होईल तेव्हा कामाला येईल अशी एक सोय: 'कॉलेज क्रेडिट प्लस'. सातवी ते बारावीची मुलं सरकारी कॉलेजचे विषय फी न भरता शिकू शकतात. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी तर शहराच्या मधोमध आहे. १८७० मध्ये शेती आणि यंत्रविद्येचं कॉलेज म्हणून स्थापना, १८७३ मध्ये वर्ग सुरू, १८७८ मध्ये आत्ताचं नाव. विद्यार्थी साठ हजारांच्या वर. तिच्या स्टेडियममध्ये लाखावर माणूस बसतं. शरद ऋतूत घरच्या मैदानावर फुटबॉलचा सामना असलेल्या शनिवारी ओलेन्टॅन्जी रिव्हर रोड आणि लेन अव्हेन्यू अक्षरशः तुंबतात. हे दवाखान्याआधीच सांगतेय, कारण युनिव्हर्सिटीचं हॉस्पिटल आणि रिव्हरसाइड मेथडिस्ट हॉस्पिटल दोन्ही त्याच पट्ट्यात आहेत.

वैद्यकीय सोयींच्या बाबतीत हे शहर खरंच भाग्यवान आहे. मोठ्यांसाठी तीन संस्था: युनिव्हर्सिटीचं वेक्सनर मेडिकल सेंटर, ओहायोहेल्थ (रिव्हरसाइड आणि ग्रँट त्यांचीच) आणि १८८६ मध्ये कॅथलिक नन्सनी सुरू केलेलं माउंट कार्मेल. कर्करोगासाठी युनिव्हर्सिटीचंच 'द जेम्स'. मुलांसाठी नेशनवाइड चिल्ड्रन्स. नावावरून देशभरातली साखळी वाटते, पण हे १८९२ मधलं कोलंबसचंच बालरुग्णालय. इथल्याच नेशनवाइड विमा कंपनीच्या फाउंडेशनने पाच कोटी डॉलर देऊ केले, म्हणून २००७ मध्ये नाव बदललं. बाळांना होणाऱ्या एसएमए या स्नायूंच्या आजारावरची जनुकीय उपचारपद्धती डॉ. जेरी मेंडेल यांच्या चमूने इथे रुग्णांवर पहिल्यांदा वापरून पाहिली, आणि २०१९ मध्ये तिला मंजुरी मिळाली. मुलांचा डॉक्टर निवडताना तो याच रुग्णालयाशी जोडलेला आहे का ते बघा, पुढे तज्ज्ञाकडे जाणं सोपं होतं.

हॉस्पिटल कितीही उत्तम असलं तरी तुमच्या विम्याच्या 'नेटवर्क'मध्ये, म्हणजे विमा कंपनीने करार केलेल्या दवाखान्यांत, आहे का, हाच पहिला प्रश्न. कंपनी दोन-तीन योजना देईल. हप्ता कमी असलेल्या योजनेत 'डिडक्टिबल' मोठं असतं, म्हणजे तेवढी रक्कम आधी तुमच्या खिशातून जाते. लहान मुलं असताना मी हप्ता थोडा जास्त आणि डिडक्टिबल कमी असंच घ्यायला सांगेन. विमा निवडायची मुदत रुजू झाल्यापासून महिनाभराच्या आसपास असते, ती चुकली की थेट वर्षअखेरीची वाट. दात आणि डोळे यांचा विमा वेगळा. आल्या आल्या सगळ्यांसाठी फॅमिली डॉक्टर ठरवा, नव्या पेशंटला तारीख मिळायला आठवडे लागतात.

रात्री ताप चढला, कान दुखतोय, पाय मुरगळला, तर 'अर्जंट केअर'ला, म्हणजे तातडीच्या पण किरकोळ दुखण्यांच्या दवाखान्यात जा, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नको. आमच्या शेजारच्या एका कुटुंबाला इमर्जन्सीतल्या दोन टाक्यांचं बिल बघून धडकी भरली होती. छातीत दुखणं, श्वास, शुद्ध हरपणं यात मात्र पैशाचा विचार करायचा नाही. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीत विमा असो-नसो तपासावं आणि स्थिर करावंच लागतं. २०२२ पासून विमा असलेल्यांना इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरचं जादा बिल लावता येत नाही, फक्त रस्त्यावरची अँब्युलन्स त्यात येत नाही. नंतर विमा कंपनीचा कागद येतो, त्यावर 'हे बिल नाही' असं छापलेलं असतं. त्यावर पैसे भरू नका. हॉस्पिटलचं बिल आलं की बाबवार तपशील मागवा, दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून बघा, आणि मगच भरा.

सासूबाईंचं सगळ्यात काळजीचं. त्या तुमच्या कंपनीच्या विम्यात येणार नाहीत. प्रवासी विमा घ्यावा लागेल, आणि तो जुन्या आजाराला सहसा हात लावत नाही. काही योजनांत जुना आजार अचानक उसळला तर ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च मिळतो, पण वय वाढतं तशी ती मर्यादा घटते, तेव्हा अटी ओळीओळीने वाचा. निघण्याआधी पुण्यात साखर, डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, हृदय आणि दात सगळं तपासून घ्या. दाताचं राहिलेलं काम तिथेच उरका. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. इन्शुलिन असेल तर ते सामानात टाकू नका. आणि पहिली भेट मे ते ऑक्टोबरमध्ये ठरवा. नोव्हेंबरनंतर इथे आभाळ दिवसेंदिवस करडं असतं, पायवाटा निसरड्या होतात, आणि गाडी न चालवणाऱ्या माणसाला घरात कोंडल्यासारखं होतं. शहरात बस आहे, पण १९७९ पासून प्रवासी रेल्वे नाही. मधुमेहाला चालणं हवंच, तेव्हा घर बघताना फूटपाथ आणि जवळ बाग किंवा पायवाट आहे ना, हेही यादीत घाला.

घर जुनं असेल, विशेषतः १९७८ च्या आधीचं, तर रंगात शिसं असू शकतं. घरमालकाला त्याची माहिती असलेला कागद कायद्याने द्यावा लागतो. तीन वर्षांचं मूल खिडकीच्या चौकटीला हात लावून बोटं तोंडात घालतं, म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना त्याच्या रक्तातलं शिसं तपासायला सांगा.

भाडेकरारावर सही करण्याआधी दोन-तीन पत्ते इथे टाका. कुठली शाळा येते आणि जवळचं अर्जंट केअर कुठलं, ते मी बघून सांगते.