पफी ऐकायला सुरुवात कुठून करायची?

अरे तू टीन टायटन्स कार्टूनच्या टायटल साँगवरून पफीकडे, म्हणजे आमी आणि युमी या दोन जपानी गायिकांच्या जोडीकडे आलास ना, मग तू पण सगळ्यांसारखा पहिला 'हाय हाय पफी आमीयुमी' हाच अल्बम लावणार, २००४ चा, त्यांच्यावरच्या त्याच नावाच्या कार्टूनसोबत अमेरिकेत आलेला. ऐक बिनधास्त, पण तेवढ्यावर ह्यांना लहान मुलांचा बँड समजू नकोस. त्याआधी २००२ मध्ये बार/नन नावाच्या छोट्या अमेरिकन लेबलने 'अ‍ॅन इलस्ट्रेटेड हिस्टरी' काढला होता, तिकडच्या लोकांसाठी निवडक गाणी एकत्र करून, माझ्या मते खरी सुरुवात तिथून कर.

त्यात 'आजिया नो जुन्शिन' आहे, १९९६ चं त्यांचं पहिलं सिंगल. हेडफोन लाव आणि फक्त आवाजांकडे लक्ष दे, आमी आणि युमी बराच वेळ एकाच सुरात गातात, कोणी कोणाच्या वर चढत नाही, दोन मैत्रिणी घरी येताना गुणगुणतायत असं वाटतं, आणि मागे प्रोड्युसर तामिओ ओकुदाने साठ-सत्तरच्या दशकातलं रॉक ठासून भरलंय. बीटल्स आवडत असतील तर 'कोरे गा वाताशी नो इकिरु मिची' ऐकताना गालातल्या गालात हसशील बघ.

शब्दांचे अर्थ शोधत बसू नकोस सुरुवातीला, 'आजिया'त तर जगभरातली नावं नुसती नादासाठी ओळीने लावलीत.

आणि हो, सर्च करताना 'पफी आमीयुमी' असं पूर्ण टाक. पफ डॅडी या अमेरिकन रॅपरच्या नावामुळे अमेरिकेत नाव वाढवावं लागलं त्यांना, जपानमध्ये अजून नुसतं पफीच.