बस थांबत का नाही? युरोपच्या कोच टूरवरचे तुमचे प्रश्न

प्रश्न पाठवा म्हटलं आणि इनबॉक्स भरून गेला. जमतील तेवढे घेतलेत, सारखे होते ते एकत्र केलेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : आम्ही दोघं रिटायर्ड. समोर दोन आयटिनररी आहेत, एकीत बारा दिवसांत दहा देश, दुसरीत तेवढ्याच दिवसांत पाच, पैसे जवळपास सारखेच. मुलगा म्हणतो दहावाली घ्या, परत परत कोण जातंय. ताई, तुमचं मत?

काका, पाचवाली घ्या, डोळे झाकून. मुलाचं म्हणणं चुकीचं नाहीये पण ते दहा देश आधी नीट मोजा. व्हॅटिकन त्यात नक्की असणार, तो रोमच्या पोटातच आहे, ०.४४ चौरस किलोमीटर, रस्ता ओलांडला की देश बदलला. लिख्टेनश्टाइन असणार, एकूण १६० चौरस किलोमीटरचा देश, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधे, तिथे फाडुत्सला अर्धा तास बस थांबते, फोटो, मॅग्नेट, कॉफी, चला. म्हणजे दहाचे आठ झाले की नाही?

आता एक कागद घ्या आणि देश सोडून फक्त रात्री लिहा, कुठल्या गावात किती. जिथे एकेकच रात्र आहे तिथे सकाळी उठा, बॅग भरा, बॅग खाली आणा, बसमधे टाका, संध्याकाळी परत काढा, हे रोज, आणि तिसऱ्या चौथ्या दिवशी आपण कुठल्या देशात आहोत ते नाश्त्याच्या टेबलावर शेजाऱ्याला विचारावं लागतं. सलग दोन किंवा तीन रात्री एका ठिकाणी असतील ती टूर चांगली, माझा तरी नियम हाच.

मग किलोमीटर. पॅरिस ते लुझर्न सहाशेच्या आसपास आहेत. मॅपवर सहा साडेसहा तास दिसतील, पण ते कारचे. कोचला फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या मोटरवेवर १०० ची मर्यादा आहे, वर थांबे, जेवण, शहरातून बाहेर पडायचा ट्रॅफिक, म्हणजे नऊ तास धरूनच चाला. ब्रोशरमधे या दिवसाला 'निसर्गरम्य प्रवास' म्हणतात :) निसर्ग रम्य असतो हे खरंच आहे म्हणा, पण तुमच्या पाठीला ते कळायला हवं ना.

आणि ब्रोशरची भाषा समजून घ्या. 'ड्राइव्ह पास्ट' म्हणजे बसच्या काचेतून बघायचं. 'फोटो स्टॉप' म्हणजे उतरा, फोटो काढा, चढा. 'व्हिजिट' लिहिलं असलं तरी एंट्रीचं तिकीट धरलंय का ते वेगळं विचारा. आयफेल टॉवर लिहिलंय तर दुसऱ्या मजल्यापर्यंत का अगदी वरपर्यंत? हॉटेल 'पॅरिस एरिया' असेल तर एअरपोर्टच्या बाजूला कुठेतरी असू शकतं, गावाचं नाव मागून घ्या. बर्फाच्या डोंगरांपैकी युंगफ्राउयोख (३,४५४ मीटर) आणि टिटलिस (वरचं केबल कार स्टेशन ३,०२० मीटर) दोन्ही असतील तर एकावर पैसे वाचवता येतील, युंगफ्राउला ट्रेनने जाऊन यायला जवळपास पूर्ण दिवस जातो, टिटलिस अर्ध्या दिवसात होतं. धाप लागणाऱ्यांनी टिटलिस बरं, तेही डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : मागच्या वर्षी टूरवर आम्ही फक्त दहा मिनिटं उशिरा आलो तर ड्रायव्हर सगळ्यांसमोर घड्याळ दाखवायला लागला. संध्याकाळी पॅरिसचं लायटिंग दाखवा म्हटलं तर 'अवर्स संपले'. एवढे पैसे भरून ही मुजोरी का सहन करायची?

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत कितीतरी जणांनी विचारलाय त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. मुजोरी करणारे ड्रायव्हर असतात, नाही असं नाही, पण 'अवर्स संपले' ही बहुतेक वेळा थाप नसते.

युरोपियन युनियनचा ५६१/२००६ नंबरचा नियम आहे. ड्रायव्हरने दिवसाला जास्तीत जास्त ९ तास गाडी चालवायची, आठवड्यातून दोनच वेळा १० तास. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांचा ब्रेक झालाच पाहिजे, तो तुकड्यांत घेता येतो पण टाळता येत नाही. चोवीस तासांत ११ तास सलग आराम, तो दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मधे जास्तीत जास्त तीन वेळा ९ तासांवर आणता येतो. दोन आठवड्यांचं मिळून चालवणं ९० तासांच्या वर नको. आणि हे सगळं डॅशबोर्डवरच्या टॅकोग्राफ नावाच्या मशीनमधे नोंदलं जातं, ड्रायव्हरचं स्वतःचं कार्ड त्यात असतं, पोलीस रस्त्यात कुठेही थांबवून मागचे सगळे दिवस तपासू शकतात. दंड बसला तर ड्रायव्हरलाही बसतो आणि कंपनीलाही, त्यामुळे टिप वाढवून देतो वगैरे इथे चालत नाही.

आता यातली खरी मेख बघा. ११ तास आराम म्हणजे त्याचा दिवस १३ तासांचा (९ तासांची सूट वापरली तरच १५ चा). सकाळी आठला बस हलली तर रात्री नऊला ती पार्क झालेली हवी, मधे तुम्ही म्युझियममधे तीन तास होता का जेवत होता याच्याशी त्या घड्याळाला काही देणंघेणं नाही, ते सकाळी सुरू झालं की पळतच असतं. जूनमधे पॅरिसला अंधार पडायलाच दहा वाजतात, म्हणजे लायटिंग बघायचं तर त्या दिवशी सकाळी बस उशिरा निघायला हवी, दुसरा ड्रायव्हर हवा किंवा ती ९ तासांची सूट शिल्लक हवी. हे टूर मॅनेजरला आदल्या दिवशीच माहीत असतं, तेव्हाच विचारा. आयत्या वेळी बसमधे आवाज चढवून काही होत नाही. आणि सकाळी तुमची दहा, आणखी कुणाची पंधरा, तिसऱ्याची टॉयलेटची वीस, ही सगळी मिनिटं जमत जमत संध्याकाळी शेवटचं ठिकाण कापलं जातं आणि मग सगळे मिळून टूर मॅनेजरवर चिडतात.

बस लावायच्या जागेचंही तेच. मोठ्या शहरांच्या मध्यभागी कोचला उतरवण्याचढवण्यापुरतीच जागा देतात, मग त्याला लांब पार्किंगला जावं लागतं. इटलीत तर कोचने शहरात शिरायचंच वेगळं परमिट लागतं. तुम्ही पोचला नाहीत म्हणून तो तिथेच उभा राहू शकत नाही, चक्कर मारून येतो आणि त्यात अजून वेळ जातो.

अजून एक, 'माझी छत्री बसमधे राहिली, जरा उघड ना' हे रात्री त्याच्या रूमवर फोन करून सांगू नका. आरामाच्या वेळात काही काम केलं किंवा गाडी जराशी हलवली तरी त्याचा आराम मोडला असं धरलं जाऊ शकतं आणि सकाळी सगळ्यांचीच निघायची वेळ पुढे जाते.

प्रश्न : आईला डायबिटीस आहे आणि बीपीच्या गोळीमुळे सारखं टॉयलेटला जावं लागतं. बसमधे टॉयलेट असतं ना?

बऱ्याच कोचमधे असतं, पण बऱ्याचदा बंद ठेवतात, कारण ते रिकामं करायची सोय सगळीकडे मिळत नाही. तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. बहुतेक टूरवर दोन अडीच तासांनी थांबा होतो. आई पाणी प्यायचंच कमी करतात की काय ते बघा, असं खूप जणी करतात आणि मग डोकं दुखतं, डायबिटीस असताना तर हे बिलकुल नको. बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर प्रवासाच्या दिवशी तिची वेळ बदलता येते का हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, मनाने बदलू नका.

सुट्टी नाणी जवळ ठेवा. जर्मनीत हायवेवरच्या सानीफेअर टॉयलेटला २०२२ पासून एक युरो पडतो, गेटवर जे व्हाउचर मिळतं ते फेकू नका, तेवढ्याच किमतीचं असतं आणि तिथल्याच दुकानात चालतं. इटलीच्या हायवेवर सहसा पैसे लागत नाहीत, फक्त बाहेर पडताना अख्ख्या दुकानातून फिरवून आणतात. आईंना पुढच्या दाराजवळची सीट मागा आणि कारण टूर मॅनेजरला स्पष्ट सांगा, लाजायचं काय त्यात.

व्हेनिसचं मात्र आधीच सांगून ठेवा. कोच त्रोंकेत्तो नावाच्या कडेच्या पार्किंगपर्यंतच जातो, पुढे बोट, आणि मग पायी, पुलांवर पायऱ्या. तिथे चार तास तरी बस दिसणार नाही, औषधं आणि खाणं सोबतच न्यायचं. ग्रुप मोठा असेल तर तो फोडतील, २०२४ पासून तिथे एका गाइडमागे २५ च माणसं चालतात आणि लाउडस्पीकरला बंदी आहे, त्यामुळे कानात लावायचं यंत्र देतात, ते वापरायची सवय आईंना आधी करून द्या.

प्रश्न : पुढच्या सीट कायम एकाच फॅमिलीकडे. काही नियम आहे की नाही?

सीट रोटेशन आहे का हे बुकिंगच्या वेळीच विचारायचं आणि आहे म्हणाले तर पहिल्या दिवशी मॅनेजरकडून तक्ता मागायचा. ज्यांना खरंच उलट्यांचा त्रास आहे किंवा गुडघे वाकत नाहीत त्यांना सोडा, बाकीच्यांनी फिरायलाच हवं. पट्टा मात्र सगळ्यांनी लावायचा, कोचमधे पट्टे बसवलेले असले की तो कायदा आहे, माइक घेऊन पॅसेजमधे उभं राहून गाणी म्हणणं त्यात बसत नाही. (मागच्या सीटवरून डोंगर जास्त चांगले दिसतात असं मी सगळ्यांना सांगते, कुणी विश्वास ठेवत नाही.)

प्रश्न : व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा? आमच्या टूरमधे मधेच लंडनपण आहे.

शेंगेन व्हिसा एकच, २९ देशांना चालतो. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे जास्त दिवस राहणार आहात, दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार त्या देशाकडे. ब्रिटन शेंगेनमधे नाही, त्याचा व्हिसा वेगळा. तुमची टूर युरोपातून लंडन आणि लंडनहून परत युरोप अशी असेल तर शेंगेनवर मल्टिपल एंट्री आहे ना ते अर्ज करतानाच बघा, लंडन पहिलं किंवा शेवटचं असेल तर सिंगलवर भागतं. फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा, पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि शेंगेनमधून बाहेर पडायच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे तपासणं आणि चेहऱ्याचा फोटो घेणं टप्प्याटप्प्याने सुरू झालंय, पहिल्या एअरपोर्टवर रांग लागते, उतरल्या उतरल्या साइटसीइंग ठेवलेलं असेल तर ते वेळेत होईलच असं धरू नका.

आणि पासपोर्ट बसच्या पोटातल्या बॅगेत टाकू नका. 'आत बॉर्डर नसतेच' असं सगळे सांगतात, पण जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली, पोलीस बसमधे चढून बघू शकतात.

प्रश्न : पॅरिसला पर्स घेतली, टॅक्स रिफंडचा फॉर्मही घेतला. परतीचं विमान झुरिकहून आहे. एअरपोर्टवर शिक्का मिळेल ना?

नाही मिळणार! स्वित्झर्लंड शेंगेनमधे आहे पण युरोपियन युनियनमधे नाही, त्यामुळे फ्रान्समधे घेतलेल्या वस्तूची कस्टमची नोंद युनियन सोडताना म्हणजे स्विस बॉर्डरवरच व्हायला हवी. कोच तिथे आपणहून थांबेलच असं नाही. आदल्या रात्री टूर मॅनेजरला सांगा, वस्तू आणि फॉर्म हातातल्या बॅगेत ठेवा. टूर संपता संपता इटलीतून किंवा फ्रान्समधून उडणार असाल तर हे लफडंच नाही.

मोबाइलचंही असंच होतं. युनियनमधल्या देशात घेतलेलं सिम युनियनभर चालतं, स्वित्झर्लंड आणि ब्रिटन त्यात आपोआप येत नाहीत. पॅकमधे ती नावं आहेत का बघा, नसतील तर बॉर्डर यायच्या आधी डेटा बंद करा.

प्रश्न : ग्रुप शॉपिंगला जातो तेव्हा मी एकटी लूव्हर म्युझियम बघायला गेले तर चालेल?

चालेल की, जाच. मंगळवार नाही ना बघून घ्या, मंगळवारी लूव्हर बंद. तिकीट वेळेसकट आधी ऑनलाइन काढा. मॅनेजरला आदल्या संध्याकाळी मेसेज करा, नुसतं तोंडी नको. आणि 'अमुक चौकात पाचला बस पकडते' असं ठरवू नका, वर सांगितलंच तो तिथे थांबू शकत नाही, थेट हॉटेलवर येते म्हणा. हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून घ्या, फोनची बॅटरी संपते. त्याच दिवशी गाव बदलायचं असेल तर मात्र एकटीने कुठे जाऊ नका, दोन रात्रींचा मुक्काम असेल तेव्हाच.