फेसबुक सोडलेल्या वाचनगटाने आपले कार्यक्रम मास्टोडॉनवर कसे कळवावेत?

आपण विचारले आहे की, वाचनगटाने फेसबुक सोडून मास्टोडॉनवर, म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून चालणाऱ्या समाजमाध्यमावर, खाते उघडले, पण बैठकीची वेळ बदलली तरी लोक जुनी पोस्ट पाहून येतात आणि 'मी येणार' असे कळवण्याची सोयही तेथे नाही, तर काय करावे. माझ्या मते मास्टोडॉनकडून दवंडीपलीकडे काही अपेक्षू नये. कार्यक्रमाची मूळ नोंद दुसरीकडे, पण एकाच जागी ठेवावी.

मास्टोडॉनचे सर्व्हर ज्या अ‍ॅक्टिव्हिटीपब प्रोटोकॉलच्या आधारे एकमेकांशी बोलतात, त्याला डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. त्याच्या शब्दसंग्रहात 'इव्हेंट' हा स्वतंत्र प्रकार असून वेळ, स्थळ, होकार, नकार, इतकेच काय 'बहुधा येईन' हेही त्यात बसते. मास्टोडॉन मात्र असा इव्हेंट आला की त्याचे शीर्षक आणि दुवा असलेली साधी पोस्ट करून दाखवते. सहभागाचे बटण तेथे उमटत नाही.

म्हणून त्याच प्रोटोकॉलवर चालणारे, कार्यक्रम आणि नावनोंदणीसाठीचे मोबिलिझॉन हे सॉफ्टवेअर पाहावे. फ्रामासॉफ्ट या फ्रेंच संस्थेने त्याची पहिली आवृत्ती २०२० मध्ये आणली. गटाचे पान तेथे उघडले की मास्टोडॉनवरील सदस्य त्या पानाला फॉलो करू शकतात, आणि आयोजकाने परवानगी दिली असेल तर खाते नसलेल्यांनाही केवळ ईमेलवरून नाव नोंदवता येते. उपस्थितीची नोंद नकोच असेल, तर इटलीत घडलेले गॅन्चिओ अधिक सुटसुटीत आहे. ते गावाच्या सूचनाफलकासारखे चालते, कोणीही खात्याविना कार्यक्रम सुचवतो आणि व्यवस्थापक तो मंजूर करतो.

आपली खरी अडचण मात्र कॅलेंडरशी निगडित आहे. दोन्ही ठिकाणी आयसीएस या कॅलेंडर-फाईलच्या स्वरूपातील फीड, म्हणजे आपोआप अद्ययावत होणारी कार्यक्रमांची यादी, मिळते. सदस्यांना ती फाईल उतरवून घ्यायला सांगू नये, कारण उतरवलेली फाईल म्हणजे त्या क्षणाची प्रत. त्याऐवजी फीडचा पत्ता आपापल्या कॅलेंडरमध्ये 'सबस्क्राइब' करायला सांगावे. फीडमधील प्रत्येक कार्यक्रमाला 'यूआयडी' ही कायमची ओळख असते, त्यामुळे वेळ बदलल्यावर दुसरी नोंद न होता पहिलीच दुरुस्त होते. उलट, जुना कार्यक्रम खोडून नवा तयार केला की ओळखही नवी होते आणि त्याची नावनोंदणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. तेव्हा बदल नेहमी मूळ नोंदीतच करावा.

सदस्य परदेशातही असतील, तर कार्यक्रमाला 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन नीट लावावा. भारतात घड्याळे पुढे-मागे होत नाहीत, युरोपात वर्षातून दोनदा होतात, आणि ऑनलाइन बैठकीला जर्मनीतील सदस्य तासभर चुकतो तो बहुधा यामुळेच.

एक मर्यादा उरते. सबस्क्राइब केलेले फीड कॅलेंडर अ‍ॅप आपल्या सवडीने तपासते आणि गुगल कॅलेंडरमध्ये त्याला कित्येक तास लागू शकतात. त्याच दिवशीचा बदल असेल तर मास्टोडॉनवर वेगळी पोस्ट टाकावी, आणि नावे नोंदवलेल्यांना ईमेलही करावा.